चौथा रकाना

जुलै २०२२मध्ये गूगलच्या नकाशावर औरंगाबाद शोधणाऱ्याला ‘संभाजीनगर’ दिसू लागले आणि उस्मानाबाद शोधणाऱ्याला ‘धाराशिव’. शहराचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांनी ट्विटरवर थेट गूगललाच जाब विचारला की हे नाव कोणत्या आधारावर बदलले. समर्थकांनी नकाशाचे फोटो आनंदाने पुढे पाठवले, विरोधकांनी तेच फोटो संतापाने पाठवले. कागदोपत्री शहर त्या दिवशीही औरंगाबादच होते.

राज्यात तेव्हा सरकार बदलत होते. २९ जून २०२२ला उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने शेवटच्या बैठकीत ‘संभाजीनगर’ नावाला मंजुरी दिली. १६ जुलैला शिंदे-फडणवीस सरकारने नावाआधी ‘छत्रपती’ जोडून तोच निर्णय नव्याने घेतला. केंद्राची संमती आली २४ फेब्रुवारी २०२३ला, आणि तीही फक्त शहरापुरती. जिल्हा, तालुका आणि विभाग यांच्यासाठी सप्टेंबर २०२३ची वेगळी अधिसूचना लागली. ८ मे २०२४ला उच्च न्यायालयाने नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. रेल्वे स्थानकाच्या फलकावर नवे नाव चढायला ऑक्टोबर २०२५ उजाडले. ‘नामांतर’ म्हणून आपण एका दमात जे बोलतो त्यात निदान पाच-सहा वेगवेगळ्या घटना आहेत आणि प्रत्येकीची तारीख निराळी आहे.

नामांतर योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. त्यावर या शहरात कटिंग चहाच्या प्रत्येक ग्लासामागे एक मत मिळते. माझा विषय त्या यंत्रांचा आहे जी इंटरनेटवरचा कोट्यवधी पानांचा मजकूर वाचतात, त्यातून ‘माहिती’ वेचतात आणि ती तक्त्यात बसवतात. आपण शोधखिडकीत ‘बीबी का मकबरा कोणी बांधला’ असे टाकतो आणि उजवीकडच्या चौकटीत नाव, साल, फोटो, उंची असे नीट मांडलेले दिसते. ती चौकट कुणी कारकुनाने बसून भरलेली नसते. वाक्यांतून वस्तुस्थिती उपसायचे हे तंत्र तीसएक वर्षांचे आहे आणि त्याची परीक्षा घ्यायला छत्रपती संभाजीनगरइतके अवघड गाव शोधून सापडायचे नाही.

मूळ कल्पना अगदी साधी आहे. कोणतीही माहिती तीन रकान्यांत बसवायची: कोण, काय नाते, कोणाशी. ‘पैठण – नदीकाठ – गोदावरी’. ‘खुलताबाद – जिल्हा – छत्रपती संभाजीनगर’. अशा अब्जावधी ओळी जमल्या की प्रश्नाला उत्तर म्हणजे ओळी जुळवणे. सगळी अडचण या ओळी भरण्यात आहे.

बर्कलीत संशोधन करणाऱ्या मार्टी हर्स्ट यांनी १९९२मध्ये दाखवले की त्यासाठी सगळे व्याकरण समजावे लागत नाही. भाषेत काही ठरावीक सांधे असतात, ते ओळखले तरी पुष्कळ काम होते. मराठीत असा सांधा रोजच्या पेपरात सापडतो. ‘सिल्लोड, कन्नड, पैठण आदी तालुक्यांत गारपीट’ या मथळ्यातला ‘आदी’ हा शब्द यंत्राला फुकटात सांगतो की आधीची तिन्ही नावे तालुक्यांची आहेत. ‘वेरूळ, अजिंठा यांसारखी लेणी’मधले ‘यांसारखी’ हेच काम करते. सहा वर्षांनी, १९९८ला, स्टॅनफर्डच्या सर्गेई ब्रिनने याला चाक लावले. यंत्राला फक्त पाच पुस्तके आणि त्यांचे लेखक सांगायचे. ते इंटरनेटवर या जोड्या शोधते, त्या कोणत्या शब्दरचनेत येतात ते टिपते, मग त्या रचनेत बसणाऱ्या नव्या जोड्या शोधते, आणि पुन्हा पहिल्यापासून. पाच पुस्तकांवरून त्याची यादी पंधरा हजारांवर गेली. हाच ब्रिन गूगलच्या दोन संस्थापकांपैकी एक.

चाक फिरते तशी चूकही फिरते. कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने २०१०पासून ‘नेल’ नावाचा कार्यक्रम अहोरात्र चालू ठेवला होता. त्याने ‘इंटरनेट कुकीज’ या शब्दाला बेकरीच्या पदार्थांत टाकले. मग ज्या वाक्यात कुकीज ‘डिलीट’ केल्या होत्या, तशाच वाक्यात ‘फाइल्स’ही डिलीट केलेल्या दिसल्या, तेव्हा फाइल्सही भट्टीतून निघालेल्या ठरल्या. शेवटी माणसांनी हात घालून ते निस्तरले. मला या प्रकारात हसू येते तसा धीरही येतो, कारण ही चूक निदान दिसते तरी. दिसणार नाही अशी चूक जास्त महागात पडते.

आता हेच यंत्र मराठी मजकुरासमोर बसवा. इंग्रजीत नाव मोठ्या अक्षराने सुरू होते, देवनागरीत तशी काही खूण नाही. ‘कन्नड’ हा या जिल्ह्यातला तालुका आणि कर्नाटकाची भाषाही. ‘कन्नड शाळा बंद’ या बातमीत काय बंद झाले ते ठरवायला पुढचे-मागचे वाचावेच लागते. ‘गंगापूर’ म्हटले की इथला माणूस तालुका समजतो, नाशिकचा माणूस धरण. ‘पाटील’ आडनाव की हुद्दा? ‘आशा’ बाई की आरोग्यखात्यातली कार्यकर्ती? त्यावर विभक्तीचे प्रत्यय नावाला असे चिकटतात की मूळ नाव सोलून काढावे लागते: औरंगाबादेत, संभाजीनगरला, वेरुळातल्या, पैठणहून. वेरूळमधला दीर्घ ‘रू’ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो आणि यंत्राला वाटते, हे दुसरेच गाव. आदरार्थी बहुवचन तर त्याला हमखास चकवते. ‘ते नांदेडला शिकले’ यात एक माणूस आहे की वर्ग? आणि वर्तमानपत्रांनी जागा वाचवायला रूढ केलेले ‘छ. संभाजीनगर’ पाहा. ‘छ’नंतरच्या टिंबाला पूर्णविराम समजून बिचारा कार्यक्रम वाक्य तिथेच संपवतो, आणि पुढचे वाक्य ‘संभाजीनगर’ने सुरू करतो. मग हे संभाजीनगर कुठले? चिंचवडला एक संभाजीनगर आहे, कोल्हापुरातही आहे, तिथे तर एसटीचे बसस्थानकही याच नावाचे. औरंगाबाद म्हणावे तर बिहारमध्ये त्या नावाचा अख्खा जिल्हा आहे.

या पायाभूत कामाकडे मराठी माणसांनी पाठ फिरवलेली नाही. पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२मध्ये मराठी बातम्यांतली २५ हजार वाक्ये हाताने खुणा करून खुली केली. व्यक्ती, स्थळ, संस्था, पदनाम, मोजमाप, वेळ, दिनांक अशा त्या खुणा आहेत. ज्यांनी कधी शंभर वाक्यांवरही असे बोट ठेवून पाहिले असेल त्यांना या आकड्याचे वजन कळेल. आयआयटी मुंबईत मराठी वर्डनेट, म्हणजे शब्दांच्या अर्थसंबंधांचे जाळे, तयार झाले. आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारतने ‘नामपदम’ हा अकरा भारतीय भाषांचा संच केला, पण त्याची रीत वेगळी: इंग्रजी वाक्यातली नावे यंत्राने ओळखायची आणि समांतर अनुवादातल्या जोडीदार शब्दावर ती खूण उतरवायची. स्वस्त आणि भराभर होणारा मार्ग. त्यात एक गोम आहे: इंग्रजीत जे लिहिले गेलेच नाही ते त्या वाटेने मराठीत येऊ शकत नाही. इथल्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातही मराठी वाणी आणि मजकूर यांवर संशोधन झाले आहे.

पण शब्द ओळखणे हा सोपा अर्धा भाग आहे. अवघड अर्धा बीबी का मकबऱ्यापाशी सुरू होतो.

या इमारतीबद्दल भारतीय पुरातत्त्व खात्यापासून सहलीच्या माहितीपत्रकांपर्यंत सर्वत्र फिरणारे वाक्य असे: औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने आई दिलरास बानू हिच्या स्मरणार्थ १६५१ ते १६६१ या काळात मकबरा बांधला. वाक्य गोळीबंद आहे. यंत्र त्यातून ओळी काढते: मकबरा – बांधणारा – आझमशहा, मकबरा – आरंभ – १६५१, मकबरा – स्मरण – दिलरास बानू. मग दुसऱ्या पानांवरून आणखी दोन ओळी येतात. आझमशहा – जन्म – १६५३. दिलरास बानू – मृत्यू – १६५७. आता सगळ्या ओळी शेजारी ठेवा. बांधणारा जन्माला येण्याच्या दोन वर्षे आधी पाया खणला गेला, आणि जिच्या स्मरणार्थ खणला ती बाई त्यानंतर सहा वर्षे जगली. मकबरा १६६१ला पूर्ण झाला असे धरले तरी आझमशहा आठ वर्षांचा होतो. आईसाठी आठ वर्षांच्या मुलाने वास्तू उभारली असे म्हणायचे तर तिजोरीची किल्ली कुणाकडे होती ते विचारावे लागते. आणि म्हणूनच काही इतिहासकार बांधकामाचे श्रेय औरंगजेबाला देतात.

शेकडो पानांवर वर्षानुवर्षे हे वाक्य चिकटवले गेले आणि वाचणाऱ्याला खटकले नाही, कारण गद्यात तारखा शब्दांच्या आडोशाने उभ्या असतात. तक्त्यात त्या समोरासमोर येतात. ‘बांधणाऱ्याचा जन्म बांधकामाच्या आधीचा असला पाहिजे’ एवढा एक नियम लिहिला की यंत्र ही विसंगती क्षणात दाखवते, आणि जगातल्या सगळ्या इमारतींना तोच नियम लावून दाखवते. या तंत्राचा मला खराखुरा मोह पडतो तो इथे.

गंमत अशी, की हेच तंत्र दुसऱ्या बाजूने तीच चूक पक्की करते. एखादी ओळ खरी कशावरून? अशा प्रणाल्यांत एक जुना उपाय आहे: ती किती वेगवेगळ्या पानांवर सापडली ते मोजा. जितकी पाने तितका विश्वास. पण सहलीची पाने एकमेकांची नक्कल असतात. पाचशे पानांवर १६५१ असले तर ते पाचशे साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीदाराचे पाचशे प्रतिध्वनी. मकबऱ्याच्या दरवाज्यावर वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावे कोरलेली आहेत. तो शिलालेख एकच आहे, आणि मोजणीत तो एकच धरला जातो.

म्हणून माझे म्हणणे असे की तीन रकाने पुरत नाहीत. चौथा हवा: कधीपासून कधीपर्यंत. आणि त्याला लागून पाचवा: कोण म्हणतो. विकिडेटा हा विकिपीडियाचा भावंड-प्रकल्प २०१२च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, त्याच वर्षी मे महिन्यात गूगलने आपला ज्ञान-आलेख, म्हणजे शोधखिडकीच्या त्या चौकटीमागचा साठा, लोकांपुढे आणला होता. विकिडेटात प्रत्येक ओळीला आरंभ, शेवट आणि संदर्भ जोडता येतो, शिवाय दर्जा देता येतो: पसंतीची, सर्वसाधारण किंवा बाद. त्यातला एक संकेत मला या भांडकुदळ शहरासाठी विशेष शहाणपणाचा वाटतो. जी ओळ मुळातच चुकीची तिला ‘बाद’ म्हणायचे. जी एके काळी खरी होती आणि आता नाही तिला बाद म्हणायचे नाही, तिला शेवटची तारीख द्यायची. आजच्या ओळीला पसंतीचा दर्जा द्यायचा. ‘औरंगाबाद’ खोटे ठरत नाही आणि ‘छत्रपती संभाजीनगर’ दुय्यम ठरत नाही.

या गावाची अशी यादी करायला घेतली तर ती लांबते. मलिक अंबरने १६१०मध्ये खडकी या गावी निजामशाहीची राजधानी वसवली. (ही खडकी पुण्याची नव्हे, जिथे १८१७ला पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली, यंत्राला हे प्रत्येक वेळी नव्याने सांगावे लागते.) १६२६ला मलिक अंबर वारला आणि त्याचा मुलगा फत्तेखान याने गावाला फतेहनगर केले. १६५३मध्ये दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने औरंगाबाद केले. मोगलांच्या टांकसाळीतल्या नाण्यांवर मात्र ‘खुजिस्ता बुनियाद’ असे येते, म्हणजे शुभ पायाचे शहर; नाणी जमवणाऱ्यांना ते पाठ असते, इतरांनी ते ऐकलेलेही नसते. १९८८मध्ये बाळासाहेब ठाकरे यांनी जाहीर सभेत ‘संभाजीनगर’ म्हटले, आणि तिथून मराठी छापील मजकुराचे दोन प्रवाह झाले. शिवसेनेच्या बाजूचा मजकूर संभाजीनगर लिहीत राहिला, बाकीचा औरंगाबाद. युती सरकारने १९९५मध्ये नामांतराची अधिसूचना काढली, ती न्यायालयात अडकली आणि २००१मध्ये पुढच्या सरकारने मागे घेतली. या पस्तीस वर्षांतल्या बातम्या यंत्राला वाचायला दिल्या तर त्याला एकाच रस्त्यावरचा एकच अपघात दोन शहरांत झालेला दिसेल. शहरात आजही एकाच गल्लीत पाट्यांवर औरंगाबाद, संभाजीनगर आणि छत्रपती संभाजीनगर ही तिन्ही नावे सापडतात.

मराठी बातमीतली आणखी एक खोच इथेच सांगायला हवी. ‘नामांतराची मागणी’, ‘नामांतराचा प्रस्ताव’, ‘नामांतराला मंजुरी’, ‘नामांतराला आव्हान’, ‘नामांतर झाले’: पाचही मथळ्यांखालच्या बातम्यांत दोन्ही नावे आणि बदलण्याचे नाते हजर असते. घडलेले फक्त शेवटच्यात आहे. मागितलेले आणि मिळालेले यांतला फरक पकडणे यंत्राला जड जाते. कोणत्याही ग्रामपंचायतीच्या कारकुनाला तो झोपेतही कळतो, कारण ठराव आणि शासन निर्णय यांच्यामध्ये किती वर्षे जातात ते त्याने पाहिलेले असते.

मराठवाड्यासाठी तारखेच्या रकान्यातही पेच आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. महसुलाचे कागद उर्दूत आणि साल फसली. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. जुन्या जमिनीच्या वादात वकिलांना हे गणित तोंडपाठ लागते. ‘१३५०’ हा आकडा मराठी मजकुरात नुसता आला तर यंत्र त्याला इसवी सन समजून बेधडक तुघलकांच्या काळात नेऊन ठेवते, जेव्हा मजकूर कुणाच्या तरी आजोबांच्या सातबाऱ्याचा असतो. बरे, तुघलकाने दौलताबाद केलेली देवगिरी इथलीच म्हटल्यावर ती चूक संशयास्पदही वाटत नाही.

एक नामांतर या शहराने अधिक किंमत देऊन पाहिले आहे. १९५८मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ला केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, आणि प्रत्यक्ष नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. ठराव ते अंमल यांतली साडेपंधरा वर्षे हीच त्या लढ्याची हकिगत आहे. तक्त्यात ही दोन सालांची एक ओळ होते. नुसती ‘नाव बदलले: १९९४’ एवढी ओळ उरली तर १९७८ पुसले जाते. यंत्रापुढे मात्र निराळाच प्रश्न असतो: १९८५च्या पदवीवरचे ‘मराठवाडा विद्यापीठ’ आणि १९९५च्या पदवीवरचे ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ एकच, पण लोणेरेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ वेगळे, अहमदाबादचे मुक्त विद्यापीठ वेगळे, आणि पोरे म्हणतात ते ‘बामू’ पुन्हा पहिलेच.

आता बोलणारी यंत्रे आली आहेत आणि पुष्कळांना वाटते की हा सगळा खटाटोप संपला: मजकूर द्या, म्हणा तक्ता करून दे, तक्ता हजर. मराठीही ती बऱ्यापैकी वाचतात, ‘आदी तालुक्यांत’ सहज उलगडतात. पण रकाना रिकामा ठेवायला त्यांना शिकवावे लागते. बातमीत तारीख नसली तरी तारीख भरून देण्याचा त्यांना सोस असतो, आणि भरलेली तारीख अगदी शोभणारी असते. तलाठ्याच्या नोंदीत ‘माहिती उपलब्ध नाही’ हा शेरा किती प्रामाणिक असतो, ते अशा वेळी कळते.

आणि वाचायला आहे काय? मराठी वर्तमानपत्रांच्या आरंभीच्या संकेतस्थळांवरचा बराच मजकूर युनिकोडमध्ये नव्हता. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट निराळा, आणि तो फॉन्ट नसेल तर ‘मराठवाडा’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा लगदा. यंत्राला फॉन्ट दिसत नाही, फक्त तो लगदा दिसतो. शासन निर्णयांचे संकेतस्थळ चांगले आहे: प्रत्येक निर्णयाला अठरा अंकी संकेतांक, विभाग, दिनांक, म्हणजे चौथा आणि पाचवा रकाना आयता. आत मात्र पुष्कळदा कागद स्कॅन करून चढवलेला असतो, किंवा पीडीएफमधली अक्षरे कॉपी केली की वेलांट्या आणि रफार जागा सोडतात. म्हणजे जिथे तारीख आणि सही दोन्ही खात्रीची, तिथलेच यंत्राला वाचता येत नाही. आणि जिथे दोन्हींचा पत्ता नाही ती सहलीची पाने स्वच्छ युनिकोडमध्ये. हे बदलायला संशोधन लागत नाही. निर्णय टाइप करतानाच युनिकोडमध्ये करणे आणि सही झालेल्या कागदाबरोबर ती मूळ फाइलही चढवणे एवढेच लागते.

घाईने सगळीकडे एकदम नाव बदलून टाकणे हाही उपाय नव्हे, आणि त्याचे उदाहरण २०२४च्या निवडणुकीत घडले. शहर, जिल्हा, विभाग यांची नावे बदललेली होती, पण लोकसभेचा मतदारसंघ ‘औरंगाबाद’च होता, कारण ते नाव २००८च्या परिसीमन आदेशातले. विधानसभेलाही औरंगाबाद पूर्व, मध्य आणि पश्चिम हीच नावे होती. औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात कन्नड, गंगापूर, वैजापूर आणि शहराचे तीन विधानसभा मतदारसंघ येतात. सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण जिल्ह्यात आहेत, पण लोकसभेला ते जालन्याला जोडलेले आहेत. जिथे ‘औरंगाबाद’ दिसेल तिथे ‘छत्रपती संभाजीनगर’ टाकणारा कार्यक्रम मतदारसंघालाही जिल्ह्याचे नाव देतो, मग दोन्हींना एकच समजतो, आणि जालन्याच्या खासदाराला मत देऊन आलेल्या पैठणच्या मतदाराची गणती बिनबोभाट दुसऱ्याच मतदारसंघात करून टाकतो.